बोनसेटमधल्या सुट्या मणक्यांचा आणि बरगड्यांचा क्रम कसा लावायचा?

प्रथमवर्ष_शारीर

नमस्कार. बीएएमएस पहिलं वर्ष, रचना शारीरच्या (ॲनाटॉमीच्या) तोंडी परीक्षेची तयारी चालू आहे. सीनिअरकडून मिळालेल्या बोनसेटमध्ये (अभ्यासाच्या हाडांच्या संचात) मणके आणि बरगड्या एकाच पिशवीत सुट्या आहेत. ना दोरा ओवलेला, ना नंबर. मोजले तर मणके २३, सेक्रम (कमरेखालचं त्रिकोणी हाड) १, बरगड्या २३, शिवाय स्टर्नम (छातीचं मधलं हाड) आणि खालचा जबडा वेगळा असलेली कवटी. म्हणजे एक मणका आणि एक बरगडी कमी आहे, पण कुठली ते कळत नाही.

सी१, सी२ (मानेचे पहिले दोन मणके) आणि पहिली बरगडी ओळखता येते. पुढे सगळा गोंधळ आहे. मधल्या मणक्यांचा नंबर खात्रीने सांगता येतो का? बरगडीची साइड झटकन कशी ठरवायची? आणि कवटी खालून दाखवून भोकं विचारतात तेव्हा नेमकं कुठून सुरुवात करावी?

डेमो_टेबल

मणक्यांबद्दल लिहितो, बरगड्या आणि कवटी दुसरं कोणी घेईलच.

सुरुवातीला नंबराच्या मागे लागू नका. पहिला फेरा फक्त तीन ढीग करण्याचा. ट्रान्सव्हर्स प्रोसेसमध्ये (मणक्याच्या बाजूच्या फाट्यात) भोक दिसलं की मानेचा मणका (सी). बॉडीच्या (पुढच्या जाड भागाच्या) बाजूला बरगडी टेकण्याची गुळगुळीत जागा, म्हणजे कॉस्टल फॅसेट, दिसली की छातीचा (टी). यातलं काहीच नसेल तर कमरेचा (एल). आकार बघून ढीग करू नका. टी१ ची बॉडी मानेच्या मणक्यासारखी आडवी रुंद असते आणि टी१२ दिसायला थेट एल१ सारखा असतो. बहुतेकांची चूक याच दोन ठिकाणी होते.

मग प्रत्येक मणका नीट धरायला शिका. बॉडी पुढे, स्पाइन म्हणजे काटा मागे, हे सगळ्यांना येतं. वर कुठलं आणि खाली कुठलं, यात हात थांबतो. छातीच्या आणि कमरेच्या मणक्यात पेडिकल (बॉडीला मागच्या कमानीशी जोडणारा भाग) बॉडीच्या वरच्या अर्ध्या भागातून निघतं, त्यामुळे पेडिकलखालची खाच खोल आणि वरची उथळ असते. मानेच्या मणक्यात दोन्ही खाचा साधारण सारख्या असतात, म्हणून तिथे बॉडीचा वरचा पृष्ठभाग बघा. त्याच्या दोन्ही कडा ओठासारख्या वर उचललेल्या असतात. सी१ ला बॉडीच नाही. त्याचे वरचे फॅसेट (सांध्याचे पृष्ठभाग) लांबट आणि खोलगट, खालचे गोल आणि सपाट. कमानींपैकी मागची मोठी असते आणि तिच्या वरच्या अंगावर व्हर्टिब्रल आर्टरीची (मेंदूकडे जाणाऱ्या धमनीची) खाच असते.

मानेच्या ढिगात सी१, सी२ बाजूला काढल्यावर सी७ शोधा. स्पाइन लांब, टोकाला दुभंगलेली नाही, ट्रान्सव्हर्स प्रोसेसमधलं भोक लहान. व्हर्टिब्रल आर्टरी साधारणपणे सी६ पासून भोकात शिरते, सी७ च्या भोकातून फक्त शिरा जातात, हा प्रश्न हमखास येतो. सी६ चा पुढचा ट्यूबरकल (उंचवटा) सगळ्यांत मोठा असतो. कॅरोटिड आर्टरी त्याच्यावर दाबता येते, म्हणून तो कॅरोटिड ट्यूबरकल. उरलेले सी३, सी४, सी५ एकमेकांवर बसवून क्रमाने लावता येतात, पण सुटा हातात आला तर ‘टिपिकल सर्व्हायकल’ एवढंच उत्तर बरोबर आहे. तिथे नंबर ठोकून सांगू नका.

छातीच्या ढिगात दोन्ही टोकांपासून आत या. टी१ च्या बॉडीवर वर पूर्ण गोल फॅसेट आणि खाली छोटा अर्धा. टी२ ते टी८ ला वर अर्धा, खाली अर्धा. टी९ ला फक्त वरचा अर्धा. टी१० ला बॉडीच्या वरच्या कडेला लागून एकच फॅसेट. टी११ ला एकच, पूर्ण, पेडिकलकडे सरकलेला, आणि ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर फॅसेट नाही. टी१२ ला एकच, तो जवळजवळ पेडिकलवरच. त्याची ट्रान्सव्हर्स प्रोसेस आखूड होऊन तिच्या जागी तीन उंचवटे उरलेले असतात. टी१२ ची पक्की खूण मात्र मागे आहे: त्याचे खालचे आर्टिक्युलर फॅसेट कमरेच्या मणक्यासारखे बाहेरच्या बाजूला वळलेले असतात, कारण ते एल१ च्या आत बसायचे असतात.

कमरेचे पाच तुलनेने सोपे. एल५ ची ट्रान्सव्हर्स प्रोसेस जाड, आखूड, पिरॅमिडसारखी असते आणि पेडिकलच्या पूर्ण बाजूपासून बॉडीपर्यंत पसरलेली असते. बॉडी पुढून जास्त उंच. एल३ ची ट्रान्सव्हर्स प्रोसेस सर्वांत लांब. बाकीच्यांसाठी मागून बघा आणि चार आर्टिक्युलर प्रोसेस (शेजारच्या मणक्यांशी जुळणारे फाटे) मनातल्या रेषांनी जोडा. वरच्या मणक्यांत उभा चौकोन होतो, एल४ मध्ये जवळजवळ चौरस, एल५ मध्ये आडवा आयत.

पर्शुका

बरगड्यांचं बघू.

साइड ठरवायला तीन गोष्टी पुरतात. डोकं म्हणजे हेड मागे, मणक्याकडे. फुगीर बाजू बाहेर. कॉस्टल ग्रूव्ह म्हणजे लांब खाच आतल्या अंगाला, खालच्या कडेजवळ. हे तीन एकदम जमतील अशीच बरगडी धरा, ती आपोआप आपल्या बाजूला जाते. ग्रूव्ह अस्पष्ट असेल तर कडा बोटांनी चाचपा: वरची जाड आणि गोलसर, खालची धारदार. ही ग्रूव्ह का विचारतात ते लक्षात ठेवा. तिच्यात वरून खाली व्हेन, आर्टरी, नर्व्ह अशा क्रमाने तिघं असतात, म्हणून छातीतलं पाणी काढताना सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला घासून घालतात.

पहिली बरगडी वेगळीच वागते. तिचे पृष्ठभाग आत-बाहेर नसून वर-खाली असतात. वरच्या अंगावर दोन उथळ खाचा आणि मधे आतल्या कडेला स्केलीन ट्यूबरकल. पुढच्या खाचेत सबक्लेव्हियन व्हेन, मागच्या खाचेत सबक्लेव्हियन आर्टरी आणि ब्रेकियल प्लेक्ससचा (हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याचा) लोअर ट्रंक. साइडची शंका आली तर टेबलावर ठेवून बघा. वरचा पृष्ठभाग वर असेल तर दोन्ही टोकं टेबलाला टेकतात, उलटी ठेवली तर डोक्याकडचं टोक वर राहतं. दुसरी बरगडी पहिलीच्या साधारण दुप्पट लांब, बाहेरच्या अंगावर सेराटस अँटीरिअर स्नायूचा खडबडीत उंचवटा, आणि पिळ जवळजवळ नाही.

३ ते ९ टिपिकल. हेडवर दोन फॅसेट, मधे एक धार. यातला खालचा फॅसेट मोठा असतो आणि तो बरगडीच्या स्वतःच्या नंबराच्या मणक्याला लागतो. वरचा छोटा असतो, तो एक नंबर वरच्या मणक्याला. सहावी बरगडी टी६ ला आणि टी५ ला. हे एकदा डोक्यात बसलं की मणक्यावरचे अर्धे फॅसेट पाठ करावे लागत नाहीत.

टिपिकल बरगड्यांचा आपसांतला क्रम लावताना ट्यूबरकल (ट्रान्सव्हर्स प्रोसेसला टेकणारा उंचवटा) आणि अँगल (बरगडी पुढे वळते तो कोपरा) यांच्यातलं अंतर मोजा. दुसऱ्या बरगडीत दोन्ही जवळजवळ एकाच जागी असतात, दहावीपर्यंत हे अंतर वाढत जातं. लांबी सातवीपर्यंत वाढते, मग कमी होते. त्यामुळे नुसत्या लांबीने लावलं तर सहावी आणि आठवी आपसांत बदलतात. अँगल बघितला की लगेच वेगळ्या होतात.

दहावीच्या हेडवर एकच फॅसेट, बाकी रूप टिपिकल. अकरावीला नेक (हेडलगतचा मानेसारखा भाग) आणि ट्यूबरकल नाही, अँगल जेमतेम, ग्रूव्ह उथळ. बारावीला यातलं काहीच नाही, फक्त हेडवर एक मोठा फॅसेट आणि टोकाला निमुळती. तिची साइड सांगणं खरंच अवघड आहे. आतला पृष्ठभाग किंचित वर बघतो, एवढाच आधार. परीक्षक सहसा बारावी साइडसाठी देत नाहीत.

स्टर्नम विसरू नका. मॅन्युब्रियम (वरचा तुकडा) आणि बॉडी (मधला तुकडा) जिथे कोन करतात तिथे दुसऱ्या बरगडीचं कार्टिलेज येतं, आणि ती पातळी टी४–टी५ मधल्या डिस्कची. रुग्णाच्या छातीवर बरगड्या मोजायच्या असतील तर पहिली हाताला नीट लागत नाही, म्हणून मोजणी या कोनापासून, दुसरीपासून सुरू करतात.

अस्थिसंग्रह

वरच्या दोघांनी छान लिहिलंय. टी९ बद्दल थोडं सावध करतो. काही सांगाड्यांत टी९ ला खालचाही अर्धा फॅसेट असतो, मग टी१० ला वरचा पूर्ण न राहता अर्धा होतो. टी१० च्या ट्रान्सव्हर्स प्रोसेसवर फॅसेट कधी असतो, कधी नसतो. म्हणून या दोघांचा नंबर एका खुणेवर सांगू नका. शेजारचा मणका आणि त्या नंबराची बरगडी, तिन्ही हातात घेऊन बसवून बघा.

मधल्या सात मणक्यांसाठी एक दुर्लक्षित खूण आहे. ट्रान्सव्हर्स प्रोसेसवरचा फॅसेट टी६ पर्यंत खोलगट आणि पुढे बघणारा असतो. टी७ पासून तो सपाट होतो आणि वर बघायला लागतो. बरगड्यांच्या ट्यूबरकलवरही हेच उमटलेलं असतं: वरच्यांचा फुगीर, खालच्यांचा सपाट. यामागे श्वासाची यांत्रिकी आहे. वरच्या बरगड्या त्या खोलगट सांध्यात फिरतात आणि पुढचं टोक वर उचलतात, छातीची पुढून-मागची खोली वाढते. खालच्या सपाट पृष्ठभागावर सरकतात आणि बाजूला उघडतात, रुंदी वाढते. नुसत्या नंबरापेक्षा हे सांगितलं तर परीक्षकाला कळतं की तुम्ही हाड वाचलंय.

टी५ ते टी८ च्या बॉडीचा डावा भाग काही वेळा किंचित चपटा असतो, शेजारून जाणाऱ्या एओर्टामुळे (महाधमनीमुळे). पुरावा म्हणून हा दुय्यमच.

सेक्रमसुद्धा बघून घ्या. पुढून भोकांच्या ४ जोड्या हव्यात. ५ असतील तर एल५ किंवा कॉक्सिक्सचा (माकडहाडाचा) पहिला तुकडा चिकटलेला आहे, आणि एल५ चिकटलेला असेल तर तुमचा ‘हरवलेला’ मणका हरवलेलाच नसेल.

आता कवटी. आधी उचलायची कशी ते. डोळ्यांच्या खाचेत बोटं घालून उचलू नका. खाचेची आतली भिंत कागदाइतकी पातळ असते, त्यातलं लॅक्रिमल हाड तर नुसत्या दाबाने फुटतं. झायगोमॅटिक आर्चलाही (गालाच्या कमानीलाही) धरू नका. दोन्ही तळहात खाली घेऊन उचला आणि कापडाच्या चुंबळीवर ठेवा, नाहीतर स्टायलॉइड प्रोसेस (खालचा बारीक काटा) पहिल्या आठवड्यातच जाते. जबडा वेगळा ठेवा. ॲनाटॉमिकल पोझिशन म्हणजे डोळ्याच्या खाचेची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या पातळीत.

खालून बघताना फोरामेन मॅग्नमपासून (मधल्या मोठ्या भोकापासून) सुरुवात करा. त्याच्या दोन्ही बाजूंना कॉन्डाइल (सी१ वर टेकणारे उंचवटे). कॉन्डाइलच्या पुढच्या भागावर, आतून डोकावलं तर दिसणारा हायपोग्लॉसल कॅनाल, त्यातून बारावी क्रेनिअल (मेंदूतून निघणारी) नर्व्ह. कॉन्डाइलच्या बाहेर जुग्युलर फोरामेन, वेडीवाकडी मोठी फट, तिच्यातून नववी, दहावी, अकरावी. उजवीकडची बऱ्याचदा मोठी असते. तिच्या लगेच पुढे कॅरोटिड कॅनालचं गोल तोंड. मॅस्टॉइड (कानामागचा उंचवटा) आणि स्टायलॉइड यांच्यामध्ये स्टायलोमॅस्टॉइड फोरामेन, तिथून फेशिअल नर्व्ह बाहेर पडते. मग पुढे आणि बाहेर जा: स्फिनॉइडचा काटा, त्याच्या पुढ्यात बारीक फोरामेन स्पायनोसम, त्यातून मिडल मेनिंजिअल आर्टरी, आणि त्याच्या पुढे-आत लांबट फोरामेन ओव्हेल, त्यातून मँडिब्युलर नर्व्ह.

इथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. ओव्हेलच्या ओळीत रोटंडम शोधत बसतो. रोटंडम खालून दिसत नाही. तो पुढे, टेरिगोपॅलेटाइन फॉसात उघडतो. आतून मिडल क्रेनिअल फॉसात तो ओव्हेलच्या पुढे दिसतो, म्हणून गोंधळ होतो. कवटीची टोपी निघत असेल तर आतून आणि खालून असं दोनदा बघा. नायलॉनचा मऊ दोरा कॅरोटिड कॅनालमध्ये घातला तर तो काटकोनात वळून फोरामेन लॅसेरमच्या वरच्या भागात निघतो. इंटर्नल कॅरोटिडचा मार्ग असा एकदा डोळ्यांनी बघितला की विसरत नाही. लोखंडी तार वापरू नका, कडा तुटतात.

टेरिऑन विचारतील. फ्रंटल, पॅरायटल, स्फिनॉइडची ग्रेटर विंग आणि टेम्पोरल, चौघं जिथे भेटतात ती जागा, झायगोमॅटिक आर्चच्या मध्यापासून साधारण ४ सेंमी वर. हाड पातळ, आणि आत लागूनच मिडल मेनिंजिअल आर्टरीची पुढची शाखा. हेल्मेटशिवाय पडलेल्या माणसाला आधी शुद्ध येते आणि काही तासांनी तो कोसळतो, त्यामागे पुष्कळदा इथला एक्स्ट्राड्यूरल (मेंदूच्या आवरणाबाहेरचा) रक्तस्राव असतो.

संहिता_वाचक

प्रश्नकर्ते बीएएमएसचे आहेत म्हणून. सुश्रुतांची ३०० आणि चरकांची ३६० ही हाडांची संख्या आधुनिक २०६ शी जुळत नाही म्हणून ‘मोजणी चुकली’ असं उत्तर देऊ नका. मोजायचं काय, यातच फरक आहे.

सुश्रुतांनी शाखांत (हातापायांत) १२०, श्रोणी-पार्श्व-पृष्ठ-उर मिळून ११७ आणि मानेपासून वर ६३ दिल्यात. त्या ६३ मध्ये ३२ दात आहेत. ११७ मध्ये दोन्ही पार्श्वांची मिळून ७२ येतात. चरकांकडे तीच ७२ उघडून दाखवलेली आहेत: २४ पर्शुका, २४ स्थालक, २४ स्थालकार्बुद. बरगडी, ती बसते ती जागा आणि तिथला उंचवटा, तिन्ही वेगवेगळी मोजली. वर ज्या फॅसेट आणि ट्यूबरकलवर एवढी चर्चा चालली आहे, त्याच सांध्याला त्यांनी स्वतंत्र मोजलं. तोंडी परीक्षेत एक बरगडी आणि एक मणका हातात धरून हे दाखवता आलं तर उत्तर पूर्ण होतं.

आधुनिक हिशेब विचारला तर मधल्या सांगाड्याची ८०: कवटी २२, कानातली ६, हायॉइड १, पाठीचा कणा २६, छाती २५. कण्याचे २६ म्हणताना सेक्रम एक आणि कॉक्सिक्स एक धरतो. तुकडे सुटे मोजले तर ३३.

प्रथमवर्ष_शारीर

सगळ्यांचे मनापासून आभार. ढीग लावले. मानेचे ७, कमरेचे ५, छातीचे ११. सेक्रमला ४ च जोड्या आहेत. टी१, टी१०, टी११, टी१२ सापडले. म्हणजे कमी आहे तो टी२ ते टी९ मधला. बरगड्या उजव्या १२, डाव्या ११. डावीकडे पहिली, दुसरी आणि शेवटच्या तीन आहेत. आता पुढे?

डेमो_टेबल

आता दोन्ही टोकांकडून बसवत या. टी१२ वर टी११, त्यावर टी१०, असं वर. दुसरीकडे टी१ खाली दुसरा, तिसरा. दोन गोष्टी बघायच्या. मागचे आर्टिक्युलर फॅसेट डुलत नाहीत ना, आणि वरच्या मणक्याच्या बॉडीचा खालचा काठ खालच्या मणक्याच्या वरच्या काठाशी जुळतो ना. शेजारी खरे असतील तर हे दोन काठ जवळजवळ एकाच मापाचे असतात. जिथे मणका मागे बसतो पण पुढे काठ एकदम मोठा होतो, तिथे जागा रिकामी आहे. ट्रान्सव्हर्स प्रोसेसवरचा फॅसेट खोलगटातून सपाट कुठे होतो तेही नोंदवा. ही रिकामी जागा त्याच्या वर आहे की खाली, एवढं त्यातून कळतं.

मग उजव्या बरगड्या लावा, त्या पूर्ण आहेत. रिकाम्या जागेच्या वरच्या मणक्याचा खालचा अर्धा फॅसेट आणि त्या नंबराची बरगडी जुळवा. समजा टी६ नाही. तर सहाव्या बरगडीच्या हेडवरचा छोटा वरचा फॅसेट टी५ ला बसेल आणि मोठा खालचा फॅसेट हवेत राहील. सातवी उलट: तिचा मोठा फॅसेट टी७ वर बसेल, छोटा हवेत राहील. अशा दोन लागोपाठ बरगड्या सापडल्या की नंबर नक्की. डावी हरवलेली बरगडी तर उजव्या रांगेशी एकेक करून आरशासारखी जुळवली की मिळते.

कुठेच काही बसत नसेल, रंग आणि वजन वेगळं वाटत असेल, तर संच दोन सांगाड्यांचा मिसळलेला आहे असं समजा. फायबरचा असेल तर आणखी एक अडचण: स्वस्त संचांत मधल्या तीन-चार बरगड्या एकाच साच्यातून काढलेल्या असतात. त्यांचा क्रम लागणारच नाही, त्यावर वेळ घालवू नका.

अस्थिसंग्रह

क्रम लागला की नंबर मऊ पेन्सिलीने लिहा, मणक्याच्या लॅमिनावर (मागच्या कमानीवर) आणि बरगडीच्या आतल्या अंगावर. मार्करची शाई हाडाच्या छिद्रांत झिरपते आणि स्नायूंच्या अटॅचमेंटची खूण झाकते.

मणके ओवायचे असतील तर बॉडीला भोक पाडू नका. व्हर्टिब्रल कॅनालमधून प्लॅस्टिकचं आवरण असलेली जाड वायर जाते. डिस्कसाठी फोमच्या चकत्या कापा: मानेत सुमारे ५ मिमी, छातीत ३ ते ४, कमरेत १० च्या आसपास. ऑक्सिपिटल–सी१ आणि सी१–सी२ यांच्यामध्ये डिस्क नाही, तिथे चकती घातली की मान विचित्र लांब होते. मान आणि कमरेतल्या चकत्या पुढून जाड, मागून पातळ कापा, एल५–सेक्रममधली सर्वांत जास्त. तिथली वळणं मुख्यतः डिस्कच्या आकारामुळे येतात. छातीचं मागे गेलेलं वळण बॉडीच्याच आकारातून येतं, तिथे चकत्या सपाटच ठेवा.

खरी हाडं असतील तर पावसाळ्यात बुरशी धरतात. पाण्यात भिजवू नका, ब्लीच तर मुळीच नको, हाड खडूसारखं होतं. मऊ कोरड्या ब्रशने पुसा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही. आणि ही कोणाची तरी हाडं आहेत. ती मिळालीत त्यामागे कोणाचं तरी देहदान असू शकतं, किंवा महाराष्ट्र ॲनाटॉमी ॲक्ट, १९४९ नुसार विभागाकडे आलेला बेवारस देह. विकत देऊ नका, फोटो फिरवू नका. वर्ष संपल्यावर पुढच्याला देण्याआधी विभागात नोंद आहे का ते विचारा. नसेल तर नोंद करून घ्या, आणि कमी असलेला मणका व बरगडी कुठल्या नंबरची ते त्या नोंदीत लिहा.